नऊ नंबरचं चित्र

चपला बाहेर काढाव्यात का, कळेना.
कुणीच काढल्या नव्हत्या. मी काढल्या.
प्रभात रोड, बारावी गल्ली, तळमजला.
एसीचा वारा पोटरीला लागतो
आणि चारी भिंतींवर
माझं सहा महिन्यांचं काम टांगलेलं.

ही गुलछडी गुरुवारची.
मार्केटयार्डात त्या दिवशी भाव पडला होता,
ताईंनी पिशवी भरून आणली, म्हणाल्या,
सिंधू, बादलीत ठेव एवढी.
मी दांडे तिरके कापले, खालची पानं ओरबाडली,
दोन दिवस नखांत हिरवं राहिलं,
पोळ्या लाटताना दिसायचं.
चित्रात तो तिरका काप आहे.
एवढं बारीक कशाला काढायचं, वाटलं.
पण बरं वाटलं.

जरबेरा तळेगावचा,
डोक्यावरच्या प्लास्टिकच्या टोपीसकट काढलाय.
टोपी काढू का, मी विचारलं होतं.
नको, म्हणाल्या, येतो तसाच राहू दे.
आता एक पोरगा गुडघे मोडून
त्या टोपीचा फोटो घेतोय.

शेवंती कुकरच्या भांड्यात.
बुडाचा पोचा मी पाडलेला.

लिलीची विटकरी पूड टेबलाच्या कापडावर पडली होती.
साबणाने गेली नाही, रॉकेलने गेली नाही.
इथे तो डाग काय देखणा दिसतो!
माझं मनगट भरून आलं होतं घासून घासून.

मग नऊ नंबर.

आमच्या दाराएवढं.
डावीकडे डेलिया, तांबडे, भरगच्च,
पाकळी न् पाकळी मोजून घ्यावी.
उजवीकडे काही नाही.
नुसतं कापड, त्यावर पेन्सिलीच्या चार रेघा,
बसमध्ये रुमाल टाकून
जागा धरतात, तशा.

माणसं तिथंच थांबतात.
चष्मा कपाळावर चढवून एक गृहस्थ म्हणाले, "अभाव."
बरोबरच्या बाई म्हणाल्या, "छे, प्रतीक्षा."
दोघांनी कोकम सरबताचा घोट घेतला.

मंगळवार होता तो, मला सांगावंसं वाटलं.
ताई दोन दिवस नाशिकला.
खोली उघडली तर वास, उंदीर मेल्यासारखा.
पाणी काळंहिरवं, दांडे बुळबुळीत, वर चिलटं.
पदर नाकाला लावून सगळं उचललं
आणि ओल्या कचऱ्यात घातलं.
कचरा न्यायला आलेली रखमा म्हणाली,
काय गं, पूजा होती का काल?

संध्याकाळी ताई आल्या.
टेबलाकडे बघितलं. चित्राकडे बघितलं.
ओरडल्या असत्या तर सुटले असते.
चहा टाक, म्हणाल्या, साखर जास्त.
मी म्हटलं, उद्या आणते ना, अश्शीच.
अशीच नसतात गं, एवढंच बोलल्या,
आणि चित्राचं तोंड भिंतीकडे केलं.
होळीपर्यंत तसंच होतं ते.
मी केर काढताना त्याच्या पाठीला पाय लागू द्यायची नाही.

आज त्याच्या कोपऱ्यात लाल टिकली.
टिकली म्हणजे विकलं गेलं, दारावरची मुलगी म्हणाली.
केवढ्याला, विचारलं. तिने सांगितलं.
मी परत विचारलं.

रंगवलेल्या फुलांचे किती
आणि मी टाकलेल्यांचे किती?
पर्वतीपर्यंत चालत जाऊन जुळवला
तरी जुळायचा नाही हा हिशोब.

ताई पलीकडे, माणसांच्या घोळक्यात.
मला बघून हात केला, आलेच, असं ओठांनी म्हणाल्या.
अजून यायच्यात.

अभिप्रायाची वही पुढे आली. लिहा ना मावशी.
वर कुणीतरी इंग्रजीत अर्धं पान भरलेलं.
मी लिहिलं, फुलं खरी वाटतात.
मग खाली, थोडं लहान अक्षरात,
वास येत नाही ते बरं.

वहीशेजारी उद्घाटनाचा गुच्छ,
चकचकीत कागदात सकाळपासून गुदमरलेला,
दोन गुलाबांनी माना टाकलेल्या.
मी रिबीन सोडली. मुलगी बघत राहिली.

बादली आहे का गं कुठे?