तिसऱ्या मजल्यावरचं दार

लाउमा, तुझा प्रश्न सरळ आहे:
दीपगृहात तिसऱ्या मजल्यावर ते निळं दार
उघडत का नाही?
बाप म्हणाला, विज्माला विचार.
उल्दिस पूर्वीपासून असाच,
अवघड जिना आला की मला पुढे करायचा.

खरं सांगते, मला आठवत नव्हतं.
खेळ अजून चालतो,
कोण कुठली माणसं त्याला ठिगळं लावून जगवतात,
पण आम्ही तो ज्या हत्याराने कोरला
ते उघडल्याशिवाय दारामागचं दिसणार नाही.

चकती सापडली, लोकरीच्या मोज्यांखाली.
तिच्यावर तुझ्या बापाचं अक्षर:
"शेवटची. खरंच शेवटची."
माझ्या नव्या संगणकाला चकती घालायला तोंडच नाही.
शाळेच्या भांडारातून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला,
सही करून, चार दिवसांच्या बोलीने.

पहिला नकार लगेच आला:
हा प्रोग्राम या यंत्रावर चालणार नाही.
बंदरावरून वारा खिडक्या हलवत होता,
आणि मला कळेना घोडं कुठं पेंड खातंय.
मध्यरात्री उमगलं:
हत्यार बत्तीस बिटांचं, ठणठणीत;
त्याला घरात आणून सोडणारा इन्स्टॉलर सोळाचा.
पाहुणा धडधाकट,
गाडीवान तेवढा वाटेत वारलेला.

मग एकेक फाइल मीच हाताने उतरवून घेतली.
एक सापडेना. ती मिळाली तर म्हणे दुसरी हवी.

यंत्रात एक यादी असते, तू पाहिली नसशील:
कोणत्या जमान्याचं सोंग घ्यायचं ते निवडा.
मी जुन्यातला जुना निवडला.
रंग उतरले, खिडकी आकसली,
आणि हत्याराला सांगण्यात आलं
की बाहेर काहीही बदललेलं नाही.

हसू नकोस. माझी आई
अजून लाट्समध्ये बटाट्याचा भाव विचारते,
युरो येऊन इतकी वर्षं झाली.
मी मनातल्या मनात भागाकार करते,
लाट्समध्येच सांगते,
ती निर्धास्त पिशवी भरते.

तरी ते कोसळलं.
दोन दिवस. अकरा वेळा.
शेवटी पाणी मुरत होतं माझ्या आडनावात.
क्यिर्से लिहिताना पहिल्या अक्षराच्या पायाशी
आम्ही एक बारीक स्वल्पविराम टांगतो ना,
फोल्डरच्या नावातला तेवढा स्वल्पविराम
त्या परदेशी हत्याराच्या घशात अडकत होता.
तेव्हा मी त्याच्यासाठी नवी बाई बनवली,
नुसती विज्मा, आडनावाशिवाय.
तिच्या नावावर ते पहिल्या झटक्यात उघडलं.

करड्या जाळीवर हिरव्या रेघांचं आपलं दीपगृह.
मी भिंती बाजूला करत वर गेले.

दारामागे खोली आहे, लाउमा.
टेबल, दोन खुर्च्या, दोन कप.
एका कपाला कान नाही, तो माझा.
खिडकीत समुद्र असायला हवा होता,
तिथे त्याने आमची गल्ली काढलेली:
ट्रामचे रूळ, लिंडनची झाडं,
बेकरीची पाटी, शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

आणि कुलपाला जोडलेली टीप.
मला वाटलं, अक्षर तुझ्या बापाचं निघेल.
निघालं माझं.
"बंद. उ.ला विचारू देऊ नये."
तारीख दोन हजार चार, मे महिना.
त्याच आठवड्यात त्याने कॉर्कचं तिकीट काढलं होतं.

त्याने विचारलंच नाही.
त्याला वाटलं असेल, काहीतरी बिघडलंय.

साठवू का, असं हत्याराने विचारलं असावं;
अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते.
डावं बटण नेहमी होकाराचं असायचं,
त्या भरवशावर दाबलं.

नवी फाइल सोबत जोडली आहे.
ड्राइव्ह उद्या परत द्यायचाय.
बापाला आधी काही सांगू नकोस.
या वेळी जिना त्याचा त्याला चढू दे.