शहाऐंशी अंश

मन्मथ, तुझा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते.
तू म्हणालास, अक्का, इथं पाणी खोटं उकळतंय.
बुडबुडे येतात, वाफ येते, झाकण नाचतं,
आणि डाळ तशीच, दाताखाली कचकच.
तीन तास झाले, रॉकेल सरू लालंय.
कुकर आहे, पण रिंग थंडीनं तडकली,
नवी कधी येईल ते रस्ता ठरवणार
आणि रस्ता तर आम्हीच करू लालाव.

मी म्हटलं, डाळ जुनी असेल, चिमूटभर सोडा टाक.
म्हटलं, मीठ आधीच घातलंस का?
म्हटलं, आईनं तुला चुलीपाशी कधी बसूच दिलं नाही.
मग रेंज गेली.
अर्धं बोलणं निलंग्यातच राहिलं.

शाळेत खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता
बिराजदार सरांना विचारलं.
त्यांनी खडूनं फरशीवर डोंगर काढला.
वर हवा विरळ, म्हणाले, तिचं ओझं कमी,
पाण्याला उठायची घाई होते,
पुरतं तापायच्या आधीच उकळतं ते.
आपल्याकडं अठ्ठ्याण्णवला, तिथं शहाऐंशीला.
बारा अंशांचा फरक.
बारा अंश म्हणजे किती, मला कळेना.

रविवारी प्रयोगशाळेतला थर्मामीटर पदरात गुंडाळून आणला.
वाटीभर तूर घेतली, आपल्याच रानातली.
पाणी शहाऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही:
चढलं की लाकूड ओढायचं, उतरलं की सारायचं.
अकराला बसले.
शेजारची दैवशाला दोनदा डोकावून गेली,
म्हणाली, डाळीला ताप आलाय का गं,
काचेची नळी लावून बसलीस ती?
दीड वाजला. तीन.
पाणी पिवळं झालं, डाळ जागची हलली नाही.
सव्वाचारला एक दाणा चिमटीत धरला,
वरून मऊ, आत खडा.
तीच डाळ खाल्ली, वाटीभर, भाकरीशी.
रात्री पोट धरून बसले
तेव्हा मला बारा अंश कळले.

मग डोकं लावलं.
उकळीवर विसंबायचं नाही.
जे वर होत नाही ते खालीच उरकायचं.
गहू, हरभऱ्याची डाळ, मूठभर बाजरी, धने
खमंग भाजून येसर दळलं,
हुलगे भाजले माडग्यासाठी,
आणि वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं:
तुरीचा नाद सोड, मसूर घे, तीही रात्रभर भिजव,
डबा अंथरुणात घेऊन नीज, नाहीतर पाण्याचा बर्फ होईल.
येसर आधी गार पाण्यात कालव, मग आधणात सोड.
फोडणी नीट कर. लसूण लाल होऊ दे.
तेल खरं तापतं रे, तिथंही,
ते पाण्यासारखं फसवत नाही.

रिंग तीन लिटरची पाहिजे की पाचची,
विचारायचं राहूनच गेलं.
पाचची घातली.

तू आलास येळवशीच्या आदल्या दिवशी,
गालांची सालं निघालेली, आवाज बसलेला.
येसर मार्चपर्यंत पुरलं म्हणालास,
आंध्रातला तुझा जोडीदार त्याला पावडर म्हणतो.
रिंग मोठी निघाली,
तिची चुंबळ केली तुम्ही, गरम पातेलं ठेवायला.
ती परत आणलीस. का, ते तुलाच माहीत.

चहाला उकळी आली न आली
तोच कप तोंडाला लावलास, तिथल्या सवयीनं,
आणि जीभ बाहेर काढून अंगणात उभा राहिलास.
अक्का, इथलं पाणी खरंय की गं!
पोरं हसली, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी रानात, कोपीपाशी,
भज्जी तीन दगडांवर रटरटत होती.
वाटाणे, तूर, हरभरा, सगळं ओलंच दाणं,
कितीसा वेळ लागतो त्याला!
उतरव आता, मी म्हटलं, शिजलंय.
तू पळीतून एकेक दाणा काढत होतास,
चिमटीत दाबून बघत होतास,
आणि पुन्हा झाकण ठेवत होतास.