सांधणी

बर्डीवरून शंभर मीटर केबल आणली,
आणि तीन पांढऱ्या डब्या, लोणच्याच्या लहान बरणीएवढ्या.
खेमचंदानी म्हणाला, तारेशिवायही चालतात ह्या,
एकमेकींशी हवेतूनच बोलतात.
मी म्हटलं, आमच्या घरात हवेतून काही चालत नाही.

मानेवाड्याचं घर. अठ्ठ्याण्णवचा स्लॅब,
नऊ इंची भिंती, आणि मे महिना,
म्हणजे प्रत्येक खिडकीत पत्र्याचा कूलर,
त्याच्या पोटात साठ लिटर पाणी.
समोरच्या खोलीतला राउटर जिन्यापर्यंत येतो
आणि उन्हातून आलेल्या पाहुण्यासारखा
पहिल्याच पायरीवर बसतो.
मागच्या खोलीत काहीच पोचत नाही.
आई तिथे होती त्या दीड वर्षात
डॉक्टरचा फोन आला की मी गच्चीवर पळायचे.
उत्तर घेऊन खाली येताना
चेहरा नीट करायला सतरा पायऱ्या मिळायच्या.

मौंदेकरच्या रूपेशने जुन्या पाइपात स्प्रिंग घातली.
अकरा फुटांवर अडली.
पावडर लावून घातली, साबण लावून घातली.
"कोपऱ्यात चेपला असन. भिंत फोडा लागते, ताई.
नाहीतं बाहेरून नेऊ, खिळे मारून,"
म्हणाला, आणि पोहे खायला गेला.

बाबा कूलरसमोर बसून पाहत होते.
चाळीस वर्षं माग चालवला गोळीबार चौकात;
आता डोळ्यांत ऑपरेशनची भिंगं,
आणि त्यांना कोणी काही विचारत नाही.
उठले. पाइपाच्या तोंडात बोट घातलं.
"हे काय लोंबून राह्यलं?"
टेलिफोनची तार. करडी, ताठ.
लँडलाइन बंद करून चौदा वर्षं झाली.
काढून टाकू, मी म्हटलं, हिच्यामुळेच अडतंय.
"काढू नको, पोरी. सांध."

ताणा संपला की फणीच्या दोन हजार घरांतून
कोणी नवा ओवत बसत नाही.
जुन्याच्या टोकाला नव्याचं टोक पिळायचं
आणि जुना ओढायचा.
तो जातो, जाता जाता वाट देतो.

चहाचा कप धरताना थरथरतात ती बोटं
तार पिळताना थरथरली नाहीत.
मी वरून ओढत होते, ते खालून सोडत होते.
"हळू. झटका नको देऊ. हं, आता ये म्हणा तिले."
धूळ आली, एक वाळलेली पाल आली,
आणि मग निळी केबल,
इतकी निळी की मी हसले.

मग टोकं. आठ तारा, चार जोड्या.
मी क्रम वाचत होते, ते ओळीत लावत होते.
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी...
थांबले.
"हिरव्याची जोडी काहून तोडली?
मधात हे दोघं निळे आणून बसवले."
असाच नियम आहे बाबा.
"ज्यानं केला त्याले विचारलं पाह्यजे,"
म्हणाले, आणि नियमाप्रमाणेच लावली.
टेस्टरवर तिसरा दिवा लागला नाही.
टोक कापलं. पुन्हा.
तिसऱ्या खेपेला आठही लागले, एकामागून एक,
आणि ते प्रत्येकाला मान हलवत गेले.

रूपेश परत आला, म्हणाला, असं असते काय कुठं?
पैसे मात्र पूर्ण घेतले.

संध्याकाळी मी कणीक मळत होते. फोन वाजला.
बाबा, मागच्या खोलीतून.
कोपराने स्पीकर लावला.
"आता खाटेपाशी आहो. ऐकू येऊन राह्यलं न?
आता दारात. आता जिन्यात, पाचवी पायरी, सहावी."
मध्ये धाप लागल्याचा आवाज.
भिंत पातळ असल्यासारखा आवाज आधी घरातून यायचा,
पाव सेकंदाने फोनमधून.
"तुटलं नाही," जिन्यातून.
"तुटलं नाही," ओट्यावरून.
कणकेच्या हातांनी, तशीच उभी राहून
मी दोन्हींना हो म्हटलं.