आठ अक्षरं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर तिसरा दिवस.
बिर्नाने रॅम बदलली, डाग पुन्हा दिले,
पॉवरच्या तारेवर स्कोप लावून रात्र काढली.
तरी बोर्ड म्हणतो, मासळीच्या खणात शून्य अंश.
हात घालून बघ. दोन तरी आहे.

पडद्यावर मेमरीचे आकडे.
बिघाड भटकत नाही;
रोज त्याच घरात, तेच शून्य.
शेजारी बोटीचं नाव.

"नाव कधी बदललंत?"
"ईस्टरला." हेइनीच्या नखांत अजून पांढरा रंग.
"आधी सुन्नुवा. आता माइब्रित."

रोमन अक्षरं तिने बोटांवर मोजली. आठ.
जागाही आठाचीच.
नाव संपल्याची मुकी खूण
उंबरा ओलांडून तापमानावर बसलेली.

"शेवटचा एक टी खरवडू का?"
"नको," ती म्हणाली,
आणि आठाचे सोळा केले.