तीन कान

कुडाळचा निशांत गिरप आला
आणि मोठा डबा घेऊन गेला.
नोटा मोजल्या, वायर विचारली, कव्हर विचारलं.
आत माझे दोनशे छप्पन्न आवाज,
त्यांतले तीन मी वापरले.

त्याला म्हटलं, लगेच पुसू नको.
सतरा नंबरला ‘हळद’ आहे,
एकोणीसला ‘वरात, सावकाश’,
चाळीसला ‘मोचेमाडची जत्रा, पहाट’,
त्यात थोडी घरघर आहे, ती मुद्दाम ठेवलेली.
तो मान हलवत होता, पोरं हलवतात तशी.
वेंगुर्ल्याच्या स्टँडपर्यंत मीच उचलून दिला.
सात किलो.
बस्त्यावनं एकदा बंदरावर काट्यात घातला होता,
म्हणाला, “सुरमयपेक्षा जड,
आणि खावक येवची नाय.”

विलायतेतले अ‍ॅम्प होते त्यात,
मी कधी न पाहिलेले,
कपाटाएवढे, आतून तापणारे,
कुणीतरी त्यांची हुबेहूब नक्कल करून
माझ्या चपलेखाली ठेवलेली.
लाकूड निवडा. स्पीकर निवडा.
माइक किती बोटं लांब, ते निवडा.
खोली निवडा: दगडी, फरशीची, रिकामी.
दाभोलीच्या मंडपात बसून
मी लंडनमधल्या खोल्या निवडत होतो
आणि नवरीचा मामा डोक्यावर उभा,
“सुरू कधी करतलास?”

आठ जण होतो आम्ही.
ट्रंपेटवाला कॉस्मे बोटीवर गेला,
मधू रेडकरनं कलमं घेतली करायला,
एकेक माणूस गेला
तसतसे मी डब्यात आवाज भरत गेलो.

मग शिरोड्याची ती रात्र.
वीज डुलली, डबा झोपला,
आणि उठताना नुसतं कंपनीचं नाव दाखवत राहिला
चाळीस सेकंद.
चाळीस सेकंद म्हणजे काय
ते ऑर्केस्ट्रावाल्याला विचारा.
बस्त्याव एकटा ड्रमवर घाम गाळतोय,
मी तारा छेडतोय, कोरड्या,
खुर्च्यांत कुजबुज.
पुढच्या सतरंजीवरचं एक शेंबडं पोर तेवढं
गुडघ्यांवर पुढे सरकलं,
ऐकायला.

पहिली गिटार मी बाबांच्या दुकानात
रेडिओला जोडली होती,
मागचा पुठ्ठा काढून,
कात्री आणि मापाच्या वहीशेजारी.
काय आवाज यायचा!
चुलीत फुटलेल्या आठळीसारखा,
गरम, चिरलेला, वर थोडी राख.
गिऱ्हाईक म्हणायचं, शिंपीदादा, रेडिओ बिघडला.
तो आवाज मी त्या डब्यात दोन वर्षं शोधला,
रात्री, कानांवर हेडफोन लावून.
शलाकाला पलीकडे ऐकू यायचं
ते फक्त तारांवरचं टुकटुक.
“पाल आहे असं वाटतं,” म्हणायची,
आणि कूस बदलायची.

आता हा नवा.
साबणाच्या वडीएवढा.
तीन कान: आवाज, धार, खोली.
पडदा नाही, यादी नाही,
नाव ठेवायची सोय नाही.
स्कूटरच्या डिकीत बसतो
रेनकोटच्या घडीत,
आणि कान पिळला की बोलतो.
रेडिओतला तो? नाही,
ह्यातही नाही.
पण पिळून पिळून किती पिळणार,
दहा मिनिटांत कंटाळतो
आणि वाजवायला लागतो.

काल उभादांड्याला तालमीला नेला.
बस्त्यावनं तळहातावर घेतला,
उलटा केला, खाली वाकून बघितलं.
“ह्यो येवढोच? बाकीचा खय?”
“बाकीचा,” मी म्हटलं,
“माका कधी वाजवूकच इला नाय.”
तो हसला नाही. काठ्या उचलल्या,
चार मोजले.

खारा वारा होता दाराशी.
तिसरी तार गंजली आहे,
बोटाला खरखर लागते,
आणि ती आता
स्पष्ट ऐकू येते.
बदलायला हवी.
रविवारी बघू.