आठशे बारा

चौदा किलो उतरले तेव्हा
सगळ्या दाल बाजारानं विचारलं, काय केलंस गं?
आता दीड वर्ष काटा तिथंच आहे,
कोणी विचारत नाही.
फक्त मनगटावरचा पट्टा
रात्री साडेनऊला थरथरतो:
अजून आठशे बारा.

शाल ओढून उतरते. लश्करात धुकं,
आणि रामसिया गजक कुटतोय, ठक ठक,
गरम गुळाचा वास नेमका माझ्याच अंगावर.

काल गंमत म्हणून
पट्टा त्याच्या मनगटाला बांधला.
दहा मिनिटांत हजार पावलं,
माणूस जागचा हलला नाही.
पडद्यावर फटाके, माझ्या नावानं.

"कहां तक पहुंचे हम, बाईसाहेब?"
त्यानं तुकडा पुढं केला.
खाल्ला.
मग पट्टा स्वेटरच्या खिशात टाकून
लांबच्या रस्त्यानं घरी आले.
सकाळी काटा काय तो सांगेल.