डावी किक

हिलालची सायकल दोंडाईच्यात कुणी चोरणार नाही.
फवारणी पंपाचं इंजिन, गोडेतेलाच्या डब्याची टाकी,
कॅरियरवर वीस-वीस किलोची दोन वजनं.
हा काटे दुरुस्त करत बाजारोबाजार फिरतो.
उजवा पाय लहानपणीच वाळलेला.
"काटाले पासंग लावता येस," म्हणतो,
"पायले कथा लावू?"

इंजिनाची दोरी तुटली त्याला सात वर्षं झाली.
तेव्हापासून रोज पहाटे
माझ्या दुकानाच्या फळीवर दोन टकटक.
मी तोंडात राखुंडी, लुंगी खोचलेली,
कॅरियरला हात लावायचो.
मिरचीच्या गोण्यांची गल्ली, घशात ठसका,
वीस पावलं,
की हा पट्ट्याची दांडी ओढणार,
फट्, फट्,
आणि धूर माझ्या तोंडावर सोडून कोपऱ्याआड.
मागं वळून कधी बघितलं नाही.
बघता येत नाही, तोल जातो.

यंदा माझा गुडघा बोलायला लागला.
मी म्हणालो, निंबा मिस्तरी म्हणतात मला,
किक बसवू.

तर किका सगळ्या उजवीकडे.
चाळीस वर्षं पाने हातात, आणि हे कधी दिसलं नव्हतं!
स्कूटर काढा, मोटारसायकल काढा,
बनवणाऱ्यांनी धरूनच चाललेलं
की माणसाचा उजवा पाय शाबूत आहे.
धुळ्याच्या भंगारात तीन चकरा झाल्या.
शेवटी सायलेन्सरांच्या ढिगाखाली निघाली
एका येझदीची, डाव्या अंगाची,
रबर गेलेलं, गंज चढलेला.
भंगारवाल्यानं वजनावर दिली.
काटा हिलालनेच दुरुस्त केलेला,
त्यामुळे घासाघीस करता आली नाही.

फ्रीव्हील पोराच्या सायकलचं.
स्प्रिंग पाळण्याची, पाळणा कुणाचा ते विचारू नका.
वेल्डिंग अर्धं झालं आणि लाईट गेली ती रात्री आली.
पहिल्या दिवशी लाथ मारली तर नुसतं टिकटिक टिकटिक.
डावीकडे आल्यावर फ्रीव्हीलही उलटं बसवायचं असतं,
हे मला गल्लीतल्या शाळकरी पोरीनं सांगितलं.
दुसऱ्या दिवशी दांडा पेडलवर आपटला.
पेडल काढू म्हणालो, तर हा नाही म्हणाला:
पेट्रोल संपलं तर एका पायानं का होईना, घर गाठता येतं.
मग दांड्याला बिजागरी, तो आत दुमडायचा.
तिसऱ्या दिवशी किकेनं उलट येऊन
माझ्याच नडगीवर हिशेब पुरा केला.

चौथ्या दिवशी तो बसला.
उजवा पाय लोंबता, डावा वर उचललेला,
थांबला.
या माणसानं आयुष्यात कशालाच लाथ मारली नव्हती.
पहिली हळूच, माफी मागितल्यासारखी.
दुसरी.
तिसरीला गल्लीतली कुत्री उठली.
हसला नाही. बंद केली, परत मारली.
बंद केली, परत मारली.
अकरा वेळा.
शेजारची सुपडाबाई मिरच्या खुडायच्या थांबल्या,
म्हणाल्या, आता पुरे, इंजिन आहे का देवळातली घंटा?

पुढचे चार दिवस फळी वाजली नाही.
जाग मात्र त्याच वेळेला.
लांबून फट् फट् ऐकू यायचं, मग नाही यायचं.
मी राखुंडी लावत उगाच दारात.
हातांना काय सांगावं कळेना.

पाचव्या पहाटे दोन टकटक.
"आज लागत नही भो. जरासा धक्का दे."
मी वाकलो. प्लगची टोपी जागेवर,
चेन ताणलेली, स्प्रिंग ठीक.
पेट्रोलचा कॉक आडवा.
बंद.
हा समोर गल्लीकडे बघत बसलेला,
नको इतका सरळ.

मी अंगठ्यानं कॉक उभा केला. बोललो काही नाही.
लुंगी खोचली.
कॅरियरवरची वजनं दवानं गार झालेली.
वीस पावलं झाली.
पंचवीस.
मिरचीचा ठसका आला, सुपडाबाईंचं दार मागं गेलं,
चाळीस झाली असतील.
दांडी ओढायची याच्या लक्षातच नाही.